सायकल चालवताना हाताला मुंग्या, बधिरपणा आणि कमजोरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या गप्पांत गुडघा आणि बैठक यांचा विषय लगेच निघतो. हाताचं दुखणं मात्र "थोड्या मुंग्या येतात, चालायचंच" एवढ्यावर मिटतं. बहुतेकांच्या मुंग्या दोन-चार दिवसांत जातातही. पण काही जणांच्या हातातली ताकद जाते आणि ती परत यायला महिने लागतात. पहिल्या गटातले आपण की दुसऱ्या, हे वेळेवर कळावं म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

राइडनंतर करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर झालाय. नेमकं काय झालंय?

अल्नर नावाची नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दबली आहे. मानेतून निघून ती कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागून जाते. कोपर आपटल्यावर हातभर शॉक बसतो तो हिच्यामुळेच. तिथून ती मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळहातात उतरते. तळहाताच्या टाचेवर, म्हणजे हँडलवर नेमका भार येतो त्या उंचवट्यात, दोन छोटी हाडं आहेत : एक वाटाण्याएवढं आणि दुसरं आकड्यासारखं वळलेलं. या दोघांमधल्या अरुंद वाटेला फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियॉन यांच्या नावावरून गियॉन कॅनॉल म्हणतात. गियॉननी तिचं वर्णन १८६१ मध्ये केलं. इथे नसेवर स्नायूंचं जाड पांघरूण नाही. तासन्‌तास हँडलवर हात टेकला की तो दाब आणि रस्त्याचा हादरा जवळजवळ थेट नसेपर्यंत पोचतो.

दुखणं नवं नाही. देस्तो या फ्रेंच डॉक्टरनी सायकलमुळे अल्नर नसेला आलेल्या लुळेपणाबद्दल १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं.

मला मुंग्या अजिबात येत नाहीत, बधिरपणाही नाही. पण बोटं नीट चालत नाहीत. हेही तेच का?

बहुधा तेच, आणि याच प्रकाराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गियॉन कॅनॉलमध्ये अल्नर नसेच्या दोन शाखा होतात. वरवरची शाखा करंगळीला स्पर्श कळवते. खोल शाखा आकड्याच्या हाडाला वळसा घालून तळहातात शिरते आणि हातातल्या बहुतेक बारीक स्नायूंना चालवते. दाब वळशाच्या जागी पडला तर स्पर्श शाबूत राहतो आणि ताकद तेवढी जाते. दुखत नाही, मुंग्या नाहीत, त्यामुळे माणूस दोन-दोन आठवडे लक्ष देत नाही.

मग खुणा भलतीकडेच दिसतात. नेलकटर दाबला जात नाही. शर्टाचं बटण लागत नाही. एका हाताने भाकरीचा तुकडा मोडत नाही. किल्ली धरली तरी फिरत नाही. करंगळी इतर बोटांपासून लांब राहते आणि खिशात हात घालताना अडकते.

घरी करून पाहण्यासारखी एक तपासणी आहे. वर्तमानपत्राचा कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरा, अंगठे सरळ ठेवा आणि कागद दोन्हीकडे ओढा. ज्या हाताचा अंगठा वरच्या पेरात वाकतो, त्या हाताचा अंगठा आत ओढणारा स्नायू कमजोर झाला आहे आणि दुसरा स्नायू त्याची उणीव भरून काढतो आहे. डॉक्टर याला फ्रोमांची खूण म्हणतात. नंतर दोन्ही हातांची बोटं फाकवून पाहा, आणि अंगठा व तर्जनीच्या मधला मांसल भाग दोन्हीकडे सारखा आहे का तेही पाहा. तिथे खड्डा दिसत असेल तर आजच डॉक्टरची वेळ घ्या.

हे किती सर्रास घडतं याचा अंदाज २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातून येतो. २५ सायकलस्वारांचे हात ६०० किमीच्या राइडच्या आधी आणि नंतर तपासले. त्यांतल्या २३ जणांत स्पर्शाची, ताकदीची किंवा दोन्हींची लक्षणं निघाली. त्यांत अनुभवी स्वारही होते.

माझी करंगळी ठीक आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं.

मग ही दुसरी नस, मिडियन. ती मनगटाच्या मधोमध कार्पल टनेलमधून जाते आणि त्याच बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही जातात. मनगट मागे मोडून हँडलवर रेललं की आतला दाब वाढतो. रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं ही याची ओळखीची खूण. कार्पल टनेलचा त्रास सायकलशिवायही होतो : मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, दिवसभर हाताचं काम. म्हणून सायकल बदलूनही फरक पडला नाही तर साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.

दोष मनगटात आहे, कोपरात आहे की मानेत, हे कसं ओळखायचं?

करंगळीकडच्या त्रासात हाताची मागची बाजू तपासा. तिथल्या त्वचेला स्पर्श देणारी फांदी मनगटाच्या चार-पाच बोटं वरच अल्नर नसेपासून सुटते, गियॉन कॅनॉलमध्ये ती येतच नाही. करंगळी तळव्याच्या बाजूने बधिर आणि मागून शाबूत असेल तर दाब तळहाताशी. मागची बाजूही बधिर असेल तर शंका कोपरावर घ्या.

कोपराचा त्रास सायकलपेक्षा इतर सवयींनी जास्त वाढतो : कोपर दुमडून उशीखाली हात घेऊन झोपणं, फोन कानाला लावून तासभर बोलणं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणं. एअरोबार (कोपर टेकवून पुढे वाकून चालवण्यासाठी हँडलला लावलेले दांडे) वापरणाऱ्यांनी त्याच्या पॅडवर कोपराचं टोक न टेकवता त्याच्या पुढचा, मांसल भाग टेकवावा.

मानेतून दुखणं आलं तर बहुधा खांद्यापासून खाली कळ येते आणि मान मागे किंवा एका बाजूला नेल्यावर वाढते. ड्रॉप हँडलवर (रोडबाइकच्या खाली वळलेल्या हँडलवर) वाकून समोर पाहताना मान तासन्‌तास मागे मोडलेली असते, त्यामुळे ज्यांच्या मानेतली चकती आधीच कुरकुरते आहे त्यांना याचा त्रास होतो.

फक्त अंगठ्याच्या मागच्या बाजूला जळजळ होत असेल तर मनगटावर काय बांधलंय ते पाहा. घट्ट घड्याळ किंवा ग्लोव्हचा आवळलेला पट्टा तिथली वरवरची नस दाबतो. पट्टा सैल करा, बहुधा एवढ्यानेच काम होतं.

हाताच्या मुंग्या कधी नसेच्या नसतात?

छातीवर दाब, घाम, धाप आणि डाव्या हातात जडपणा असेल तर हृदयाचा विचार आधी. अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले तर पक्षाघाताचा. दोन्ही वेळा सायकल बाजूला टाका आणि १०८ ला फोन लावा. "कालच्या राइडमुळे असेल" म्हणत घरी बसू नका.

बोट पांढरं किंवा निळसर पडून थंड लागत असेल तर नसेशेजारची रक्तवाहिनी दुखावल्याची शक्यता असते, तेही लगेच दाखवायचं. पडल्यानंतर तळहाताच्या टाचेत खोल दुखत राहिलं तर आकड्याचं हाड मोडलेलं असू शकतं. साध्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो.

हातावर एवढा भार येतोच का? मी तर हँडल घट्ट धरत नाही.

पकडीपेक्षा शरीराचं वजन कुठे टेकलंय यावर जास्त अवलंबून असतं. सायकलवर वजन तीन ठिकाणी वाटलं जातं : सीट, पॅडल, हँडल. पायांनी जोर लावत असता तेव्हा त्या जोराने धड वर उचललं जातं आणि हात हलके राहतात. दमलात, पाय नुसते फिरू लागले, की धड पुढे कलतं आणि ते वजन तळहातांवर येतं. म्हणून २०० किमीच्या पहिल्या १०० मध्ये काहीच जाणवत नाही आणि शेवटच्या ५० मध्ये हात मरतो. पोटाचे आणि पाठीचे स्नायू कमजोर असतील तर हे आणखी लवकर होतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सीटच्या कोनाकडे. जांघेत बधिर होतं म्हणून अनेक जण सीटचं नाक खाली करतात. तिथला दाब कमी होतो खरा, पण आता शरीर सतत पुढे घसरतं आणि ते घसरणं हात थोपवत राहतात. जांघेचा त्रास हातावर ढकलला गेला, एवढंच. आधी सीट सपाट करा, फोनमधलं लेव्हल ॲपही चालेल. त्यावर जांघेत त्रास झाला तर सीटची रुंदी किंवा आकार बदला. सीट फार उंच असली तरीही माणूस पुढे कलतो.

हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवणं हीसुद्धा नेहमीची चूक. अंतर कमी होतं, पण वजनही पुढे येतं. अंतर कमी करायचं तर स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, आखूड लावा. हँडल खाली असेल तर स्टेमखाली स्पेसर (कड्या) घालून किंवा वर कललेला स्टेम लावून ते उचला. व्यावसायिक शर्यतीतल्या स्वाराची वाकलेली बैठक पाहून आपलं हँडल ठरवू नका. तो पूर्ण जोराने पाय मारत असतो, आपण तासामागून तास मध्यम जोराने जात असतो. मला विचाराल तर हजारो रुपयांची चाकं घेण्याआधी एकदा नीट बाइक फिट, म्हणजे सायकल आपल्या शरीराच्या मापाला जुळवून घेणं, करून घ्यावा. हातासाठी एवढा उपयोगी खर्च दुसरा नाही.

हँडल कुठे धरावं?

कुठेही, पण सतत एकाच जागी नको. रोडबाइकवर हूड्स (ब्रेक लिव्हरवरची रबरी मूठ), टॉप्स (हँडलचा वरचा आडवा भाग) आणि ड्रॉप्स (खाली वळलेला भाग) अशा जागा मिळतात. प्रयोगात तळहाताच्या करंगळीकडच्या भागावर सर्वांत जास्त दाब ड्रॉप्समध्ये सापडला आहे. ड्रॉप्स वाऱ्यासाठी आणि उतारासाठी ठेवा, मुक्कामासाठी नको. हूड्सवर मनगट बाहेरच्या बाजूला मोडत असेल तर हूड्स किंचित आत किंवा वर फिरवून घ्या. कोपर थोडं वाकलेलं राहू द्या. ताठ हातातून हादरा सरळ वर जातो.

हायब्रिड (रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) आणि एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, यांच्या सरळ हँडलवर अडचण मोठी आहे, कारण तिथे हात ठेवायला एकच जागा असते. आपल्याकडे पहिली 'चांगली' सायकल म्हणून बहुतेक जण हायब्रिड घेतात आणि त्याच सायकलवर वर्षभरात पंढरपूरच्या सायकल वारीला किंवा पहिल्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) निघतात. अशांनी दोन बदल नक्की करावेत : गोल रबरी ग्रिप काढून तळहाताला टेकू देणारी रुंद पंखाची ग्रिप लावावी, आणि टोकांना बार-एंड (पुढे वळलेल्या छोट्या मुठी) बसवावेत, म्हणजे हाताला दुसरी जागा मिळते. पंख फार वर किंवा खाली फिरलेला नको, मनगट सरळ राहिलं पाहिजे. ब्रेक लिव्हरही हाताच्या रेषेत खाली कललेले असावेत. ते आडवे असतील तर प्रत्येक ब्रेकला मनगट मागे मोडतं.

जेल ग्लोव्हज घेतले की प्रश्न सुटेल ना?

कमी होईल, सुटेल असं नाही. मोजमापांत पॅड असलेल्या ग्लोव्हजनी त्या भागावरचा दाब १० ते २८ टक्के कमी झालेला दिसला आहे. एवढा फायदा नक्की घ्या. पण पॅड जितका जाड तितका चांगला असं समजू नका. फार जाड पॅडमुळे पकड जाड होते, हँडल जास्त आवळावं लागतं, आणि पॅड चुकीच्या जागी असेल तर तो स्वतःच नसेवर उंचवटा होऊन बसतो. घालून, हँडल धरून पाहा आणि मगच घ्या. बार टेपचे (हँडलवर गुंडाळायच्या पट्टीचे) दोन थर किंवा टेपखाली जेलच्या पट्ट्या हाही चांगला, स्वस्त उपाय आहे.

खराब रस्त्यांमुळे होतं का?

भर पडते. टायर त्याला बसेल त्या कमाल हवेवर फुगवायची जुनी सवय सोडा. फ्रेममध्ये मावत असतील तर २८ किंवा ३२ मिमीचे टायर घाला आणि वजनाप्रमाणे हवा कमी ठेवा. रंबल स्ट्रिप (रस्त्यावरचे खडखडणारे पट्टे) दिसल्या की पॅडलवर किंचित उभं राहून पकड ढिली करा.

३०० किमीच्या ब्रेव्हेत १८० व्या किमीला हात बधिर झाला. सोडून द्यावं का?

फक्त मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हात झटकून आणि जागा बदलून काही मिनिटांत कमी होत असेल, तर पुढे जायला हरकत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदला. सुरक्षित रस्त्यावर एकेक हात सोडून खाली लोंबू द्या, बोटं उघडा-मिटा. चढावर उभे राहून थोडं चालवा. पुढच्या कंट्रोलवर, म्हणजे ब्रेव्हेच्या तपासणी ठिकाणी, पाच मिनिटं जास्त थांबा. ३०० किमीला २० तास मिळतात, पाच मिनिटांनी वेळ हुकत नाही.

ताकद गेली असेल तर मात्र थांबायचं. बोटं फाकत नाहीत, गिअर बदलायला दुसरा हात लागतो, बाटलीचं झाकण उघडत नाही, अशी अवस्था आली की राइड संपली असं समजा. एक तर नस आणखी दुखावते. दुसरं म्हणजे ब्रेक. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना हात कितीतरी वेळ ब्रेकवर असतो, आणि कमजोर हाताला आपण किती जोर लावतोय याचा अंदाज राहत नाही. रात्रीच्या अंधारात, ओल्या रस्त्यावर तो अंदाज चुकला तर हाताच्या नसेपेक्षा मोठं काहीतरी गमावाल. मेडल पुढच्या महिन्यातही मिळतं. सोबत असलेल्यांनीही "चल रे, थोडंच राहिलंय" म्हणून गळ घालू नये.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

नसेचं काय झालंय त्यावर आहे. फक्त दाबाने संदेश अडलेला असेल तर काही तासांपासून काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं, आणि सुदैवाने बहुतेकांचं हेच असतं. नसेतले तंतूच तुटले असतील तर ते पुन्हा वाढावे लागतात आणि वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिमी. तळहाताच्या टाचेपासून अंगठा-तर्जनीमधल्या स्नायूपर्यंत अंदाजे ८ सेमी धरले तरी अडीच-तीन महिने झाले. या काळात रोज ताकद तपासत बसू नका, मन खचतं. आठवड्यातून एकदा कागदाची तपासणी करून लिहून ठेवा, पुरे.

डॉक्टरकडे कधी जावं आणि कोणत्या?

ताकद कमी असेल तर लगेच. नुसता बधिरपणा दोन आठवडे सायकल बंद ठेवूनही गेला नाही तर तेव्हा. अस्थिरोगतज्ज्ञ, हाताचे सर्जन किंवा न्यूरोलॉजिस्ट, यांपैकी जो जवळ असेल तो. जाताना किती किमी, कोणती सायकल, कोणत्या बोटात सुरुवात, हे लिहून न्या.

बहुधा एनसीव्ही सांगतील. त्यात नसेला छोटे विजेचे झटके देऊन संदेशाचा वेग आणि जोर मोजतात. सुई घालून करायची ईएमजी पहिल्या आठवड्यात केली तर खरं नुकसान असूनही नॉर्मल येऊ शकते, कारण स्नायूतले बदल दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात. आणखी एक : नेहमीच्या तपासणीत अल्नर नसेसाठी करंगळीच्या स्नायूवर नोंद घेतात. फक्त खोल शाखा दबली असेल तर ती चांगली येते आणि "काही नाही" असा रिपोर्ट हातात पडतो. अंगठा-तर्जनीमधल्या स्नायूवरही नोंद घ्या, असं सांगायला संकोच करू नका.

मालिश, शेक, बी-१२ च्या गोळ्या?

तळहाताच्या टाचेवर जोरात मालिश म्हणजे दबलेल्या नसेवर पुन्हा दाब, ती नको. दंड आणि खांदा हलका चोळायला हरकत नाही. बधिर हाताला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. उष्णता कळत नाही आणि फोड येतात.

बी-१२ बद्दल नीट समजून घ्या. शाकाहारी लोकांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, याची कमतरता आढळते आणि ती असताना नसा अधिक नाजूक होतात. पण तिच्या मुंग्या बहुधा दोन्ही बाजूंना आणि पायांपासून सुरू होतात. एकाच हाताची करंगळी बधिर असेल तर कारण बहुधा बी-१२ नाही, दबलेली नस आहे. रक्त तपासा, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तसं घ्या. मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. बऱ्याच गोळ्यांत बी-६ ही असतं आणि त्याचा मोठा डोस दीर्घकाळ घेतला तर त्यानेच नसा खराब होतात.

कार्पल टनेलमध्ये रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्याने पुष्कळ जणांना आराम पडतो.

ऑपरेशन लागतं का?

क्वचित. गाठ, मोडलेलं हाड, किंवा काही महिने विश्रांती घेऊनही न सुधारणारी वा वाढत जाणारी कमजोरी ही कारणं. कार्पल टनेलचं ऑपरेशन जास्त वेळा होतं आणि बहुधा चांगलं होतं.

पुन्हा सायकल कधी सुरू करू?

बधिरपणा पूर्ण गेल्यावर आणि कागद ओढताना दोन्ही अंगठे सारखे सरळ राहू लागल्यावर. तोवर दम टिकवायचा असेल तर चाला, पोहा. घरच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) बसणार असाल तर लक्षात ठेवा की तिथे उतार नाही, वळण नाही, त्यामुळे हात रस्त्यापेक्षाही जास्त वेळ एका जागी राहतात. हात मांडीवर ठेवून चालवा.

पहिली राइड तासाभराची आणि सपाट रस्त्यावरची ठेवा. सायकलमध्ये काहीही न बदलता परत गेलात तर त्रासही परत येईल, म्हणून सीटचा कोन, स्टेम आणि ग्रिप आधी पाहून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुनं माप टेपने किंवा मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. अंतर आठवड्यागणिक थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी करंगळी जड वाटली तर आधीच्या अंतरावर या आणि आणखी एक आठवडा तिथेच राहा.